टोलेडोची जीप आणि काठावरचा मतदार

६ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री, अमेरिकेच्या अध्यक्षपदाचं मतदान संपताना, ओहायो राज्यातल्या एक्झिट पोलचे आकडे आले. त्यातला एकच आकडा कुणी रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नींच्या माणसांना दाखवला असता, तर त्यांनी पेढे मागवले असते. आपण कुठल्याच पक्षाचे नाही असं सांगणाऱ्या मतदारांत रॉम्नींना ५३ टक्के मतं होती आणि पदावर असलेले डेमोक्रॅट अध्यक्ष बराक ओबामांना ४३. मधल्या मतदारांत दहा टक्क्यांची आघाडी घेऊनही रॉम्नी ओहायो राज्य सुमारे १ लाख ६६ हजार मतांनी हरले.

काठावरच्या मतदाराबद्दल, म्हणजे ज्याला तिकडे 'स्विंग व्होटर' म्हणतात त्याच्याबद्दल, जे ढोबळ समज आहेत त्यातले बरेचसे या एका प्रकरणात तपासून पाहता येतात. पहिला समज म्हणजे 'मी कुठल्याच पक्षाचा नाही' असं म्हणणारा माणूस काठावर असतो. २०१२ पर्यंत ओहायोत असे कित्येक लोक होते, जे रिपब्लिकन पक्षावर चिडून स्वतःला स्वतंत्र म्हणवत, पण मतदानाच्या दिवशी न चुकता रिपब्लिकन उमेदवारालाच मत देत. टी पार्टीच्या, म्हणजे रिपब्लिकनांमधल्या कडव्या उजव्या चळवळीच्या काळात ही संख्या वाढली. त्यांना काठावरचं समजून मोजलं की आकडे छान दिसतात, मतपेटीत मात्र नवं काही पडत नाही. खरा काठावरचा मतदार दुसरीकडेच होता, आणि ओबामांच्या शिकागोतल्या प्रचार-कचेरीने त्याला शोधण्यात जवळजवळ दोन वर्षं घालवली.

ओहायोच का

हे थोडक्यात सांगतो, कारण माहीत असलेल्यांना कंटाळा येईल. अमेरिकेत देशभरातल्या एकूण मतांवर अध्यक्ष ठरत नाही. राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ इलेक्टोरल मतांपैकी २७० लागतात, आणि जवळजवळ सगळ्या राज्यांत जो पुढे त्याला त्या राज्याची सगळी मतं मिळतात. कॅलिफोर्निया कुणाचं, टेक्सास कुणाचं हे आधीच ठरलेलं असल्याने प्रचार उरलेल्या आठ-दहा राज्यांत होतो. २०१२ मध्ये ओहायोकडे १८ मतं होती. १९६४ पासून ओहायो ज्याच्या बाजूने गेलं तोच अध्यक्ष झाला होता, आणि ओहायो हरून रिपब्लिकन उमेदवार जिंकल्याचं उदाहरण इतिहासात एकही नाही. २००४ साली जॉर्ज बुश इथे अवघ्या १ लाख १८ हजार मतांनी तरले. २०१२ मध्ये ओबामांना एकूण ३३२ मतं मिळाली, म्हणजे ओहायो नसतं तरी चाललं असतं. पण प्रचार चालू असताना हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि रॉम्नींचा जिंकण्याचा प्रत्येक हिशेब ओहायोवरून जात होता.

ओबामांची अडचण काय होती? फेब्रुवारी २००९ ते ऑगस्ट २०१२ असे सलग ४३ महिने देशातली बेरोजगारी आठ टक्क्यांच्या वर होती. फ्रँकलिन रूझवेल्टनंतर ७.२ टक्क्यांहून अधिक बेरोजगारी असताना एकही अध्यक्ष पुन्हा निवडून आलेला नव्हता. 'तुमचं चार वर्षांपूर्वीपेक्षा बरं चाललंय का?' या एका प्रश्नावर निवडणूक झाली असती तर ओबामा घरी गेले असते. रॉम्नींनाही नेमकं हेच हवं होतं.

शोधायचं कुणाला

ओहायोत मतदारनोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही. कुणी एखाद्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत, मत दिलं असेल तर तेवढीच नोंद सापडते. म्हणजे यादी हातात घेऊन 'हा आपला, हा त्यांचा' अशा खुणा करणं शक्य नव्हतं. आपल्याकडचा मुरलेला बूथ कार्यकर्ता गल्लीतलं प्रत्येक घर ओळखतो, आडनावावरून अंदाज बांधतो. तिथल्या पसरट उपनगरांत ते जमत नाही. ती उणीव डॅन वॅग्नर यांच्या विश्लेषण गटाने आकड्यांनी भरून काढली. ओहायोतल्या सुमारे २९ हजार लोकांच्या मुलाखतींची माहिती त्यांच्याकडे जमा होत गेली, म्हणजे राज्यातल्या मतदारांच्या जवळपास अर्धा टक्का. त्यावरून यादीतल्या प्रत्येक नावाला गुण दिले: ओबामांना पाठिंबा देण्याची शक्यता किती, मतदानाला बाहेर पडण्याची किती, आणि समजावलं तर मन वळण्याची किती.

यातला तिसरा गुण सगळ्यात अवघड. पाठिंबा ५० टक्के म्हणजे मन वळण्याजोगा, असा सरळ हिशेब आधी केला जायचा. पण पन्नास टक्के वाटणारा माणूस कधीकधी नुसताच न सापडलेला पक्का समर्थक किंवा पक्का विरोधक असतो. म्हणून त्यांनी प्रयोग केले. मतदारांचे दोन गट पाडायचे, एकाला फोन करून किंवा पत्र पाठवून मुद्दा सांगायचा, दुसऱ्याला काहीच सांगायचं नाही, आणि काही दिवसांनी दोघांनाही कल विचारायचा. फरक दिसला तरच मुद्दा चालला असं धरायचं.

एका प्रयोगात निघालेली गोष्ट मला फार बोलकी वाटते. मेडिकेअर म्हणजे ६५ च्या पुढच्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा. साहजिकच मेडिकेअरचा मुद्दा म्हाताऱ्यांना सांगावा असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्या मुद्द्याने जास्त हलले ते ४५ ते ६५ या वयातले लोक. ज्यांना विमा मिळू लागला होता ते निर्धास्त होते, ज्यांना तो पुढे मिळायचा होता त्यांच्या पोटात गोळा. हे अनुभवी कार्यकर्त्याच्या तर्कातून आलं नसतं.

तरी आकड्यांचं कौतुक आवरतं घेतो. २०१२ नंतर 'डेटाने निवडणूक जिंकली' अशा लेखांचा पूर आला होता, त्यातला बराचसा भाग त्या कचेरीतल्यांनीच नंतर नोकऱ्या आणि कंत्राटं मिळवताना फुगवलेला आहे असं माझं मत. कुणाशी बोलायचं हे आकड्यांनी सांगितलं. काय बोलायचं याचं उत्तर त्याआधीच, निराळ्या वाटेने सापडलं होतं.

विश्वास न बसणारे लोक

२०११ मध्ये ओबामांचे सर्वेक्षणतज्ज्ञ जोएल बेनेन्सन यांनी शंभरएक मध्यमवर्गीय माणसांकडून रोजनिशी लिहून घेतली. राजकारणावर नव्हे, घरखर्चावर. पगार, कर्जाचे हप्ते, मुलांचं कॉलेज, पुढे ढकललेली दुरुस्ती. त्यातून वर आलं ते एवढंच: या लोकांना मंदीपेक्षा जुनं दुखणं होतं. इमानेइतबारे काम केलं की निभावून जातं, हा करार मोडला आहे, आणि तो वरच्या लोकांनी मोडला आहे. ओबामांनी त्यांचं सगळं नीट केलं असं त्यांना वाटत नव्हतं. पण त्यांच्याच डोक्यावर खापर फोडायलाही ते तयार नव्हते.

रॉम्नींच्या बाजूलाही हे ठाऊक होतं. रिपब्लिकन पक्षाच्या एका जाहिरातीचा सूर असा होता, की त्यांनी प्रयत्न केले, तुम्हीही केलेत, आता बदल करायला हरकत नाही. २००८ मध्ये ओबामांना मत देणाऱ्याला 'तू चुकलास' असं न म्हणता मोकळं करण्याचा हा प्रयत्न होता, आणि माझ्या मते त्या वर्षातली ती रिपब्लिकनांची सगळ्यात हुशार जाहिरात. फक्त तिचा एक पाय लंगडा होता. बदल करून जायचं कुणाकडे, याचं उत्तर तोवर ओबामांच्या माणसांनी ओहायोतल्या घराघरांत पोचवलेलं होतं.

आता या प्रकरणातला कळीचा तपशील. ओबामांच्या बाजूने काम करणाऱ्या 'प्रायॉरिटीज यूएसए' या सुपर पॅकने, म्हणजे उमेदवाराशी अधिकृत संबंध न ठेवता पैसा खर्च करणाऱ्या संस्थेने, काठावरच्या मतदारांचे फोकस ग्रुप, म्हणजे छोट्या गटांतल्या चर्चा, घेतले. त्यांना सांगितलं, की रॉम्नींनी रिपब्लिकन खासदार पॉल रायन यांच्या अर्थसंकल्पाला पाठिंबा दिलाय, त्यात मेडिकेअर आज आहे तशी राहणार नाही, आणि त्याच वेळी रॉम्नी अतिश्रीमंतांचे करही कमी करायला निघालेत. लोकांनी ते मानलंच नाही. रॉम्नींवर त्यांचं प्रेम होतं म्हणून नव्हे. कुठलाही राजकारणी असं करण्याइतका वेडा असेल, हेच त्यांना पटेना.

माहिती खरी होती, कागदावर होती, त्यांच्या हिताची होती, आणि तरी ती आत शिरत नव्हती. राजकारणाशी रोजचा संबंध असलेल्यांना ही अडचण कळतच नाही, कारण त्यांच्या डोक्यात उमेदवाराचं चित्र आधीच तयार असतं आणि नवी बातमी त्यात आपोआप बसते. काठावरच्या मतदाराकडे ते चित्र नसतं. त्याला धोरण सांगण्याआधी माणूस सांगावा लागतो. हा माणूस असं का करील, याचं कारण एकदा मनात बसलं की धोरणावरही विश्वास बसतो.

बेन कॅपिटल हे ते कारण ठरलं. रॉम्नींनी १९८४ मध्ये उभी केलेली ही गुंतवणूक कंपनी इतर कंपन्या विकत घेई, त्यांची फेररचना करी आणि विकून नफा कमावी. त्यातल्या काही वाढल्या, काही बुडाल्या. बुडालेल्यांत अँपॅड ही वह्या-कागद बनवणारी कंपनी होती, आणि तिचा एक कारखाना इंडियानातल्या मॅरियन गावी होता. जून २०१२ मध्ये प्रायॉरिटीजने आणलेल्या जाहिरातीत तिथला एक जुना कामगार बोलतो. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना एक दिवस व्यासपीठ बांधायला सांगितलं. त्यांनी बांधलं. मग काही माणसं त्या व्यासपीठावर चढली आणि कारखाना बंद झाल्याचं सगळ्यांना सांगून गेली. आपण आपलीच शवपेटी बांधत होतो असं तो म्हणतो. आवाज चढलेला नाही, संगीत जेमतेम, रॉम्नींच्या पक्षाचा उल्लेखही नाही. कारखान्याच्या भिंतींमध्ये हयात गेलेल्या ओहायोतल्या माणसाला ती पाहताना पुढचं काही सांगावं लागत नव्हतं.

ओबामांच्या अधिकृत प्रचाराने जुलैत याच सुरातली दुसरी जाहिरात आणली. रॉम्नी एका सभेत देशभक्तीपर गीत जरा बेसूर गाताहेत, आणि पडद्यावर बंद कारखाना, स्विस बँकेतलं खातं, मेक्सिको आणि चीनला गेलेल्या नोकऱ्या अशी वाक्यं उमटतात. त्यात एक वाक्य गव्हर्नर असताना रॉम्नींनी भारतात पाठवलेल्या नोकऱ्यांबद्दलही होतं. हिंजवडीत बसून ही जाहिरात पाहणाऱ्या मराठी मुलांनी ओबामांचं कौतुक करताना आपण त्या चित्रात कुठे बसतो हेही पाहायला हवं होतं. तिथल्या काठावरच्या मतदाराला चुचकारण्यासाठी दोन्ही पक्ष जे हाताशी लागेल ते वापरतात, आणि २०१२ मध्ये त्यात आपणही होतो.

या जाहिराती उन्हाळ्यातच का? रॉम्नींचा पैसा प्राथमिक फेऱ्यांत संपला होता आणि मुख्य निवडणुकीसाठी गोळा केलेला पैसा ऑगस्टअखेर टँपा इथल्या पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारी जाहीर होईपर्यंत कायद्याने वापरता येत नव्हता. त्यांना दोन कोटी डॉलरचं कर्ज काढावं लागलं. उलट ओबामांचे प्रचारप्रमुख जिम मेसिना यांनी शेवटच्या आठवड्यांसाठी राखलेल्या पैशातला मोठा हिस्सा मे ते जुलैत ओतला. हा जुगारच होता, शेवटी गल्ला रिकामा राहिला असता तर त्यांना कुणी माफ केलं नसतं. शिवाय निवडणुकीआधीच्या ६० दिवसांत उमेदवाराला टीव्ही केंद्रांनी सगळ्यात कमी दराने वेळ द्यावा असा नियम आहे. सुपर पॅकना तो लागू नाही. रॉम्नींची भिस्त बाहेरच्या गटांवर जास्त असल्याने त्याच तीस सेकंदांसाठी त्यांच्या बाजूचा डॉलर कमी चालला.

मोटारी

ओहायोत ओबामांकडे आणखी एक हुकुमाचं पान होतं, आणि ते रॉम्नींनी स्वतःच्या हाताने दिलेलं होतं.

डिसेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर बुडण्याच्या बेतात असताना जाता जाता बुश यांनी १७.४ अब्ज डॉलरची तात्पुरती मदत दिली. २००९ मध्ये ओबामांनी आणखी पैसा घालून दोन्ही कंपन्यांना दिवाळखोरीच्या न्यायालयातून बाहेर काढलं. एकूण आकडा ८० अब्जांच्या घरात गेला, त्यातला बहुतांश पुढे परत आला. लॉर्ड्सटाऊनमधला जनरल मोटर्सचा आणि टोलेडोतला जीपचा, असे ओहायोतले मोठे कारखाने यातून टिकले. सुट्या भागांची छोटी वर्कशॉप्स तर राज्यभर पसरलेली. देशभर या मदतीवर मतं दुभंगलेली होती, ओहायोत तसं नव्हतं.

रॉम्नींनी १८ नोव्हेंबर २००८ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला होता. मथळा: डेट्रॉइटला दिवाळखोरीत जाऊ द्या. (डेट्रॉइट म्हणजे अमेरिकी मोटार उद्योगाचं शहर.) मथळा वृत्तपत्राने दिला होता, आणि लेखात नियंत्रित दिवाळखोरीची, नंतरच्या कर्जाला सरकारी हमीची सूचना होती. ओबामांनीही शेवटी दिवाळखोरीचाच मार्ग घेतला, हे रॉम्नी शेवटपर्यंत सांगत राहिले. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण त्या हिवाळ्यात दिवाळखोरीतून जाणाऱ्या एवढ्या मोठ्या कंपनीला कर्ज द्यायला एकही खासगी बँक पुढे येत नव्हती. सरकारने आधी पैसा घातला नसता तर कारखाने फेररचनेपर्यंत पोचलेच नसते. आणि असल्या बारकाव्यांनी मथळा पुसला जात नाही. डेट्रॉइटमध्ये जन्मलेल्या, ज्यांचे वडील एका मोटार कंपनीचे प्रमुख होते त्या माणसाच्या नावावर ते चार शब्द कायमचे चिकटले.

गंमत म्हणजे, ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर जॉन केसिक तेव्हा राज्याची अर्थव्यवस्था कशी उसळी घेतेय हे अभिमानाने सांगत फिरत होते. ओहायोतली बेरोजगारी सात टक्क्यांच्या आसपास आली होती, देशापेक्षा कमी. रॉम्नी सभेत देश बुडाल्याचं सांगणार, आणि त्यांच्या शेजारी उभे गव्हर्नर राज्य सावरल्याचं सांगणार. त्याच केसिक यांनी २०११ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनचे हक्क छाटणारा कायदा आणला होता, आणि नोव्हेंबरात झालेल्या सार्वमतात ओहायोच्या जनतेने तो ६१ विरुद्ध ३९ टक्क्यांनी फेटाळला. पोलीस, अग्निशमन दलाचे जवान, शिक्षक यांच्या दारोदार फिरून याद्या तयार झाल्या होत्या. वर्षभरात त्या पुन्हा कामाला आल्या.

चढउतार, खरे आणि भासाचे

१७ सप्टेंबरला मदर जोन्स मासिकाने एक चोरून घेतलेली ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध केली. मे महिन्यात फ्लोरिडातल्या एका धनिकांच्या मेजवानीत रॉम्नी सांगत होते, की ४७ टक्के लोक काही झालं तरी ओबामांनाच मत देणार, ते सरकारवर अवलंबून आहेत, स्वतःला बळी समजतात, आणि त्यांची चिंता करणं हे आपलं काम नाही. बेनच्या जाहिरातींनी आखलेल्या बाह्यरेषेत रंग भरण्याचं काम रॉम्नींनीच केलं. (शेवटी देशभरात रॉम्नींना मिळालेली मतं: ४७.२ टक्के.)

मग ३ ऑक्टोबरला डेन्व्हरची पहिली वादचर्चा झाली. ओबामा थकलेले, अलिप्त, रॉम्नी तडफदार. सर्वेक्षणांत रॉम्नी एकदम वर आले, वर्तमानपत्रांत काठावरचे मतदार पलटल्याच्या कहाण्या सुरू झाल्या. या काळाचा एक सुंदर अभ्यास नंतर अँड्र्यू गेलमन, शरद गोयल, डग्लस रिव्हर्स आणि डेव्हिड रॉथ्सचाइल्ड यांनी केला. त्यांच्याकडे एक्सबॉक्स या खेळयंत्रावर पुन्हापुन्हा प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या सुमारे साडेतीन लाख लोकांची माहिती होती, म्हणजे तोच माणूस आधी काय म्हणाला आणि नंतर काय, हे ताडून पाहता येत होतं. त्यांचा निष्कर्ष असा, की वादचर्चेनंतरचा बहुतेक चढउतार मन बदलल्याचा नव्हता. हिरमुसलेले डेमोक्रॅट सर्वेक्षणाला उत्तर देईनासे झाले आणि हुरूप आलेले रिपब्लिकन हौसेने देऊ लागले. प्रत्यक्षात बाजू बदलणारे फारच थोडे.

ओबामांच्या आतल्या आकड्यांतही मोठी घसरण दिसत नव्हती, कारण त्यांचे नमुने मतदारयादीतून काढलेले होते. त्यामुळे वर्तमानपत्रं हवालदिल झाली तरी शिकागोने ओहायोतला मुद्दा बदलला नाही. गर्दी ओरडत असताना काहीच न बदलणं हाही निर्णयच, आणि मला तो त्या मोहिमेतला सगळ्यात कठीण निर्णय वाटतो.

दुसऱ्या बाजूला मात्र घाई झाली. २५ ऑक्टोबरला ओहायोतल्या डिफायन्स गावी रॉम्नी म्हणाले, जीप आपलं सगळं उत्पादन चीनला नेण्याच्या विचारात असल्याचं मी वाचलंय. मूळ बातमी अशी होती, की चिनी ग्राहकांसाठी चीनमध्ये पुन्हा जीप बनवायचा विचार चालू आहे. ती कुणीतरी उलटी वाचली होती. क्रायस्लरने लगेच इन्कार केला. तरीही रॉम्नींच्या मोहिमेने जाहिरात काढली: ओबामांनी क्रायस्लर इटालियन लोकांना विकली, आणि ते आता चीनमध्ये जीप बनवणार. ही जाहिरात चालवली कुठे, तर टोलेडोत. ज्या गावात दुसऱ्या महायुद्धापासून जीप बनतेय आणि कारखाना वाढवण्याचं काम चालू आहे तिथे. ३० ऑक्टोबरला क्रायस्लरचे प्रमुख सर्जियो मार्किओने यांनी कामगारांना पत्र लिहून कळवलं, की जीपचं उत्पादन अमेरिकेतून चीनला जाणार नाही.

प्रचाराचं तंत्र म्हणून पाहिलं तर त्या जाहिरातीमागचा विचार समजतो. मोटारींच्या मुद्द्यावर आपण मार खातोय, तर तिथेच उलटवार करावा. पण टोलेडोच्या मतदाराला या एका विषयातलं टीव्हीवरच्या कुठल्याही निवेदकापेक्षा जास्त कळत होतं. मेव्हणा तिथे कामाला, शेजारी तिथे कामाला, पाळी किती वाजता सुटते हे पोरांनाही पाठ. त्याला अर्थसंकल्पातलं कलम पटवणं जितकं अवघड, तितकंच जीपबद्दल खोटं पटवणं अवघड. शिवाय शेवटचा आठवडा सगळा मोटारींवरच गेला, म्हणजे चर्चा नेमकी ओबामांना हवी त्या अंगणात.

मोजणी

मतदानाच्या रात्री सव्वाअकराच्या सुमारास फॉक्स न्यूजने ओहायो ओबामांचं म्हणून जाहीर केलं. तिथेच बसलेले रिपब्लिकन चाणक्य कार्ल रोव्ह ते मानेनात. निवेदिका मेगिन केली कॅमेरा सोबत घेऊन लांबलचक मार्गिकेतून चालत आकडेतज्ज्ञांच्या खोलीत गेल्या, पुन्हा विचारलं, तज्ज्ञ ठाम राहिले. रिपब्लिकनांनी मोजलेला मधला मतदार आणि प्रत्यक्ष मतदार यांतली दरी त्या काही मिनिटांत साऱ्या देशाने थेट पाहिली.

निकाल ५०.७ विरुद्ध ४७.७ टक्के. पण टक्क्यांपेक्षा मतांचे आकडे पाहा. २००८ मध्ये ओबामांना ओहायोत २९ लाख ४० हजार मतं होती, २०१२ मध्ये २८ लाख २८ हजार. म्हणजे लाखाहून अधिक मतं गळाली. ती रॉम्नींकडे गेली का? २००८ चे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांना २६ लाख ७८ हजार मतं होती, रॉम्नींना २६ लाख ६१ हजार. मॅकेन यांच्याहूनही कमी! एकूण बेरजेवरून कोण माणूस कुठे गेला हे सांगता येत नाही हे खरं. तरी ओबामांवर नाराज झालेल्यांची रांग रॉम्नींच्या दारात लागली नाही, एवढं यातून स्वच्छ दिसतं. उन्हाळ्यातल्या त्या जाहिरातींनी ओबामांकडे नवे लोक आणले असं मला वाटत नाही. त्यांनी समोरचं दार बंद केलं. काठावरचा माणूस काठावरच राहिला, काही जण नाखुशीने ओबामांकडे परतले, काही घरी बसले.

देशभरच्या एक्झिट पोलमध्ये 'खंबीर नेता', 'भविष्याची दृष्टी' आणि 'माझी मूल्यं' या तिन्ही कसोट्यांवर रॉम्नी पुढे होते. 'माझ्यासारख्यांची काळजी असलेला' ही चौथी कसोटी महत्त्वाची मानणाऱ्यांत ओबामा ८१ विरुद्ध १८. ओहायोत मोटार उद्योगाला दिलेली मदत दहापैकी सुमारे सहा मतदारांना योग्य वाटत होती, आणि त्यातल्या तीन चतुर्थांशांनी ओबामांना मत दिलं.

उलट बाजूही मांडायला हवी. जॉन साइड्स आणि लिन व्हॅवरेक या राज्यशास्त्रज्ञांनी दाखवलं, की जाहिरातींचा परिणाम काही दिवसांतच विरतो, उन्हाळ्यातल्या भडिमाराने देशपातळीवरचे आकडे फारसे हलले नाहीत, आणि हळूहळू सुधारणाऱ्या अर्थव्यवस्थेत पदावरचा अध्यक्ष जिंकणं अपेक्षितच होतं. मला हे बरंचसं मान्य आहे. मात्र २००८ मध्ये ओबामांची ओहायोतली आघाडी देशातल्या आघाडीपेक्षा २.७ टक्क्यांनी कमी होती, २०१२ मध्ये तो फरक एका टक्क्याच्या आत आला. देश जितका सरकला तितकं ओहायो सरकलं नाही. त्यात मोटारींचा वाटा असेल, कृष्णवर्णीयांच्या भरघोस मतदानाचा असेल, ओबामांच्या १३१ स्थानिक कचेऱ्यांचाही असेल. रॉम्नींच्या ४० होत्या. मतदानापूर्वीच्या शेवटच्या तीन दिवसांत लवकर मतदान करू द्यावं म्हणून ओबामांच्या मोहिमेने राज्याचे निवडणूकप्रमुख जॉन हस्टेड यांच्याविरुद्ध न्यायालयात मिळवलेला विजयही त्यातच धरावा लागेल. यातलं किती कशाचं, हे वेगळं काढण्याचा उपाय नाही.

पुढे

चार वर्षांनी रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प यांनी ओहायो आठ टक्क्यांनी जिंकलं, २८ लाख ४१ हजार मतं घेऊन, म्हणजे २०१२ च्या ओबामांहूनही जास्त. लॉर्ड्सटाऊन ज्या ट्रंबुल काउंटीत (जिल्ह्यात) आहे तिने २०१२ मध्ये ओबामांना सुमारे ६० टक्के मतं दिली होती. २०१६ मध्ये ती ट्रम्पकडे गेली. वरच्या लोकांनी करार मोडला, ही २०११ च्या रोजनिश्यांतली तक्रार तशीच होती. या वेळी ती रिपब्लिकन उमेदवार बोलून दाखवत होता, आणि समोर रॉम्नी नव्हते. जुलै २०१७ मध्ये शेजारच्या यंग्सटाऊनला ट्रम्प यांनी लोकांना सांगितलं, नोकऱ्या परत येताहेत, घरं विकू नका. मार्च २०१९ मध्ये लॉर्ड्सटाऊनचा कारखाना बंद झाला. २०२० मध्ये ट्रंबुलमधली ट्रम्प यांची आघाडी वाढली.

२०२४ पर्यंत अध्यक्षपदाच्या प्रचाराने ओहायोचं नाव यादीतूनच काढलं होतं. ट्रम्प तिथे ११ टक्क्यांनी जिंकले. त्याच दिवशी मोटार उद्योगाच्या मदतीसाठी २००८ पासून भांडलेले डेमोक्रॅट सिनेटर शेरॉड ब्राऊन हरले, पण चार टक्क्यांहून कमी फरकाने. एकाच मतपत्रिकेवर ट्रम्प आणि ब्राऊन या दोन्ही नावांवर खूण करणारे लोक ओहायोत अजून आहेत, त्याशिवाय हा फरक निघत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्राऊन यांनी २०२६ च्या सिनेट पोटनिवडणुकीसाठी पुन्हा उभं राहत असल्याचं जाहीर केलं. जे. डी. व्हान्स उपाध्यक्ष झाल्याने रिकामी झालेली ही जागा, आणि तिच्यावर नेमलेले सिनेटर म्हणजे जॉन हस्टेड.